दार उघडत नाही

‘उलटी कडी’ हा चित्रपट एकदा थिएटरात लागला की दिग्दर्शकाच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. सासरची माणसं त्याची ओळख ‘हे आमचे जावई, हे ते करतात... ते हे’ अशी अडखळत करून देत, ती एका दमात करून देता आली असती. थोरला मेव्हणा भेटेल तिथे ‘काय मग, भूत अजून घरातच का?’ असं विचारायचा, त्याचं तोंड बंद झालं असतं. बरोबर शिकलेला एक मित्र आता साबणाच्या जाहिराती करायचा आणि फोनवर याला ‘कलावंत’ म्हणायचा. त्या शब्दातला खवचटपणा गेला असता. राहता राहिली कला. तीही दिग्दर्शकाने जमेत धरली होती, पण अगदी खाली, जागा उरली म्हणून.

आणि खर्ची काय पडणार होतं? त्याच्या मते काहीच नाही. चित्रपट तयार होऊन दोन वर्षं घरात पडून होता. पडलेल्याला आणखी काय लागायचं?

चित्रपट वाईट नव्हता. वाईट असता तर एव्हाना खपला असता. गोष्ट एका विधवेची. तिच्या घरातल्या आतल्या खोलीत कोणी राहत नाही, आणि तरी रोज सकाळी त्या खोलीची कडी आतून लागलेली असते. मेलेला नवरा लावतो, की बाईचं डोकं फिरलंय आणि तीच झोपेत काहीतरी करते, हे कळत नाही. शेवटी ती त्या दारासमोर खुर्ची टाकून बसते. बराच वेळ काहीही होत नाही. मग कडी आपोआप सरकते आणि दार बोटभर उघडतं. संपलं.

तो शेवटचा तुकडा दिग्दर्शकाच्या बायकोचा. चित्रपटाची संकलक तीच होती. तिथे तिने आवाज म्हणून काही ठेवलंच नव्हतं. नवऱ्याने व्हायोलिन घातलं, तिने काढलं. त्याने वारा घातला, तिने तोही काढला. शेवटी निदान एखादं कुत्रं तरी लांब कुठेतरी भुंकू दे म्हणून त्याने गयावया केली, तर तिने कुत्रंही हाकललं. म्हणाली, “लोकांना स्वतःचा श्वास ऐकू येऊ दे. त्यांचे ते घाबरतील.” आणि खरोखरच, ज्या पाचदहा जणांनी तो तुकडा पाहिला होता, ते खुर्चीचे हात धरून बसले होते.

पण पाचदहा जणांनी थिएटर भरत नाही. वितरकाने चित्रपट पाहिला आणि विचारलं, “भूत कुठंय?”

“भूत मनात आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “मानसिक भयपट आहे हा.”

“मग पोस्टरवर काय छापू? डोकं?” वितरकाने आपल्याच विनोदावर पोटभर हसून घेतलं आणि मग कामाचं बोलला. “हे बघा, चित्रसंस्थेचं पारितोषिक आणा. शिक्का बसला की लोक न कळलेल्या गोष्टीलाही रांग लावतात. शिक्का नाही, तर थिएटर नाही.”

म्हणजे सगळं येऊन अडलं तीन परीक्षकांवर.

आता मध्येच घरच्या दोन माणसांची ओळख करून द्यायला हवी. दिग्दर्शकाची आत्या नोकरीभर रेडिओवर बातम्या देत आली होती. निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झाला नव्हता; ‘भाजीत मीठ कमी आहे’ हेसुद्धा ती सीमेवर गोळीबार झाल्यासारखं सांगायची. तिचे यजमान, घरात सगळ्यांचे आतोबा, जन्माचे सिनेमावेडे. उतारवयात काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून जगात काय चाललंय ते आत्या सांगेल तसं त्यांना दिसायचं. भाच्याने सिनेमा काढला आणि तो आपल्याला बघता येऊ नये, हे त्यांना फार लागलं होतं. म्हणून सूनबाईने, म्हणजे दिग्दर्शकाच्या बायकोने, खास त्यांच्यासाठी एक वेगळी कॉपी केली. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागांत आत्या आपल्या बातम्यांच्या आवाजात पडद्यावर काय दिसतंय ते सांगते. ‘बाई पाणी पिते. बाई दाराकडे पाहते. दार बंद आहे.’ अशी. शेवटच्या तुकड्यात ती नुसतं म्हणते, ‘दार बंद आहे.’ मग बऱ्याच वेळाने, ‘दार अजून बंद आहे.’ आणि मग, ‘दार उघडतं.’ तिथे आतोबांनी शेजारी बसलेल्या बायकोचा दंड असा आवळला की वळ उठला.

“भूत बरं जमलंय रे,” ते भाच्याला म्हणाले. “तुझ्या आत्याच्या तोंडून धरण फुटल्याची बातमी ऐकतोय असं वाटत होतं, पण जमलंय.”

पारितोषिकासाठी चित्रपट पाठवायच्या शेवटच्या दिवशी बायको बाहेरगावी होती. दिग्दर्शक संगणकाशी एकटा बसला. ‘उलटी कडी’ नावाच्या दोन फाइली होत्या. उघडून बघणं त्याच्या शानेला शोभलं नसतं. आपलाच चित्रपट आपणच काय बघायचा? त्यातली एक जराशी मोठी होती. मोठी ती शेवटची आणि शेवटची ती चांगली, असा हिशेब करून त्याने ती पाठवली, आणि हात झटकून चहा टाकला.

आतोबांची कॉपी गेली.

*

परीक्षक तिघे. अध्यक्षांना सगळे पाठीमागे फुलीमास्तर म्हणत. हे पूर्वी शाळेत शिकवायचे. पुढे वर्तमानपत्रात चित्रपटांवर लिहायला लागले, पण हातातली लाल पेन्सिल सुटली नाही. चित्रपट पाहायचा आणि फुली मारायची. त्यांना एखादा आवडल्याचं कोणाच्या स्मरणात नव्हतं. भयपटांना तर ते ‘दाराआडून भॉक करणारी पोरं’ म्हणत. पण अलीकडे मास्तरांची एक पंचाईत झाली होती. निंदेची पुस्तकं तीन झाली, चौथं कोणी छापायला घेईना. आता त्यांना एक सिद्धांत हवा होता. दुसऱ्या कोणाला न सुचलेला, आपल्या नावाने ओळखला जाईल असा. तो कुठल्या चित्रपटाला डकवायचा, एवढंच शोधणं चाललं होतं.

दुसऱ्या परीक्षक मनोविकारांच्या डॉक्टरीणबाई. अर्जावर ‘मानसिक भयपट’ असं वाचून संस्थेला वाटलं, डॉक्टर लागेल. ‘कौटुंबिक’ लिहिलं असतं तर चुलतसासू बोलावली असती. तिसऱ्या, एके काळच्या नायिका. त्यांना जाड भिंगाचा चष्मा होता, असं नुसतं ऐकिवात होतं; चारचौघांत तो लावलेला कोणी पाहिला नव्हता. गेली काही वर्षं त्या पारितोषिकं देत होत्या ती सगळी अंदाजाने.

संस्थेचा एक कडक नियम होता. चित्रपट चालू असताना परीक्षकांनी आपसात बोलायचं नाही, आणि निकाल लागेपर्यंत चित्रपटवाल्यांना काही विचारायचं नाही. मत निर्मळ राहावं म्हणून.

दिवे मालवले. पडद्यावर एक बाई रिकामं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि एक खणखणीत आवाज म्हणाला, “एक बाई स्वयंपाकघरात उभी आहे. तिच्या हातात रिकामं पातेलं आहे.”

फुलीमास्तर दचकले. काहीतरी चुकलंय, हे त्यांच्या मनात आलं होतं. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. तोंड उघडून यंत्रावरच्या माणसाला हाक मारायला ते वळलेही. पण डॉक्टरीणबाई मान खाली घालून भराभर लिहीत होत्या. डॉक्टरीणबाईंना कळलं आणि आपल्याला नाही? मास्तरांनी हाक गिळली आणि वही उघडली. मास्तर लिहायला लागले हे डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि आपण लिहितोय ते बरोबरच आहे अशी त्यांची खात्री पटली. नायिकाबाईंना तर स्वर्ग दोन बोटं उरला. कित्येक वर्षांनी पडद्यावर काय चाललंय ते त्यांना नीट कळत होतं.

चित्रपट संपला. नियमाचं कुलूप उघडलं.

“तो आवाज,” मास्तर म्हणाले, आणि मुद्दाम थांबले. दुसरं कोणी आधी काय म्हणतंय ते पाहायचं होतं.

“अचूक!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “माझे रुग्ण अगदी हेच सांगतात. डॉक्टर, कोणीतरी सारखं माझं समालोचन करतंय. आता ही उठली, आता ही पाणी प्यायली. पुस्तकातलं लक्षण आहे हो. दिग्दर्शकाच्या घरात कोणी आजारी असणार.”

“छे, छे! आजार कसला?” मास्तरांना आपला सिद्धांत दवाखान्यात भरती झालेला पाहवेना. “तो आवाज त्या घराचा आहे. मृत्यूचा आहे. बाईला तो ऐकू येतच नाही मुळी, पाहिलंत ना? फक्त आपल्याला येतो.”

“आजाराचाच आहे.”

“आजाराचे उच्चार इतके शुद्ध?”

यावर डॉक्टरीणबाईंकडे औषध नव्हतं. नायिकाबाई पदर सावरत म्हणाल्या, “ते काही असो बाई. मला तर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, की कोणीतरी बघणाऱ्याचा विचार केलाय.”

त्या खोलीत त्या दिवशी बोललं गेलेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं, म्हणून दोघांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

*

पारितोषिक मिळालं. संस्थेच्या चिटणिसांनी फोनवर मानपत्र वाचून दाखवलं. दिग्दर्शकाने फोन स्पीकरवर टाकला होता, बायको शेजारी उभी होती. ‘जे दिसतं तेच पुन्हा सांगून दिसण्यावरचाच विश्वास उडवणारा तो निर्विकार स्त्री-स्वर, विशेषतः अखेरच्या प्रसंगात...’ इथपर्यंत आल्यावर बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं.

फोन ठेवला. बायको म्हणाली, “तू आतोबांची कॉपी पाठवलीस.”

“चुकून गेली असेल.”

“असेल काय? शेवटच्या प्रसंगात स्त्री-स्वर कुठला? माझ्या शेवटात झुरळाचा आवाज नाहीये.”

“अगं, पण पहिलं आलंय ना!”

“कोण पहिलं आलंय? आत्या पहिली आलीय. तू आत्ताच्या आत्ता फोन लाव आणि सांग, चुकीची फाइल होती, खरी पाठवतो, ती बघा. दोन वाक्यं आहेत.”

“आणि त्यांनी खरी बघून फुली मारली तर?”

बायकोला त्याचं उत्तर माहीत होतं, आणि तिला ते चाललं असतं. त्याला चाललं नसतं. एवढाच त्या दोघांतला फरक, पण संसारात एवढा पुरतो.

“झाकली मूठ आहे गं,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “आधी थिएटर मिळू दे. मग हळूच खरी कॉपी लावू. कोणाला काय कळतंय?”

“फुलीमास्तर पहिल्या खेळाला येणार. ते त्या आवाजावर पुस्तक लिहितायत, आत्ताच चिटणीस म्हणाले. त्यांना नाही कळणार?”

दिग्दर्शकाने त्यावर विचार केला. म्हणजे उठून फ्रिज उघडला आणि आत बघत उभा राहिला.

दुसऱ्याच दिवशी फुलीमास्तरांनी त्याला घरी बोलावलं. मास्तरांच्या खोलीत बसायला दोनच जागा होत्या, बाकी सगळीकडे वर्तमानपत्रांचे गठ्ठे. दुसऱ्या खुर्चीवरचा गठ्ठा उचलून त्यांनी स्वतः खाली ठेवला. मास्तर कोणासाठी वाकल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

“हा आवाज सुचला कसा हो तुम्हाला?”

“सुचला म्हणजे...” दिग्दर्शक म्हणाला, “घरातूनच आला.”

“वा! घरातूनच!” मास्तरांनी ते लिहून घेतलं. “मी काय म्हणतो, त्यात फक्त एक दोष राहिलाय. तो आवाज खोटं बोलत नाही.”

“हो, म्हणजे, नाही बोलत.”

“तिथेच चुकतंय. जो कायम खरं बोलतो त्याची भीती कशी वाटेल? सवय होते त्याची. एकदा विश्वास बसला की मग तो मोडला पाहिजे. दोन-तीनदाच, पण बरोबर जागी. आरशात बाई दिसते, आवाज म्हणतो, कोणी नाही. आणि शेवटी कडी सरकते, दार उघडतं, आणि आवाज शांतपणे म्हणतो, ‘दार उघडत नाही.’ बस्स! प्रेक्षक गेला कामातून.”

ते सुचवणं चांगलं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

“एवढं करा,” मास्तर म्हणाले. “मग वितरकाशी मी बोलतो. शहरातलं मोठं थिएटर. आणि माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तुमचं.”

इथे अजून वेळ गेली नव्हती. ‘मास्तर, तो आवाज एका आंधळ्या माणसासाठी आहे’ इतकं म्हटलं की झालं असतं. मास्तर चिडले असते, पारितोषिक गेलं असतं, मेव्हणा आणखी काही वर्षं हसला असता. दिग्दर्शकाने हे सगळं तराजूत टाकलं आणि विचारलं, “दोनदा की तीनदा?”

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

“आणि आतोबा?”

“त्यांचं काय?”

“तो आवाज त्यांच्यासाठी केलाय आपण. ते येणार पहिल्या खेळाला. त्यांना आरसा दिसत नाही, दार दिसत नाही. बाकीच्यांना दिसेल आणि आवाज खोटं बोलतोय हे कळेल. त्यांना कसं कळणार?”

“त्यांच्याकडे घरची कॉपी आहे की. गोष्ट माहितीये त्यांना.”

“म्हणूनच विचारतेय.”

“तू पण ना, काहीतरी शोधून काढतेस.”

बायकोने मग एकच गोष्ट केली. नामावलीतून ‘संकलन’ ही ओळ काढून टाकली. हे कोणाच्याही लक्षात आलं नाही, फुलीमास्तरांच्या तर नाहीच.

*

आत्या नाही म्हणेल, अशी दिग्दर्शकाला थोडी भीती होती आणि त्याहून थोडी जास्त आशा होती. ती नाही म्हणाली असती तर त्याला दोष तिच्यावर टाकून मोकळं होता आलं असतं. आतोबा फिरायला गेलेले असताना तो तिला भेटला.

“म्हणजे खोटं वाचायचं?” आत्याने विचारलं.

“खोटं असं नाही. कलात्मक.”

“अरे, लाजतोस काय? जन्मभर मी ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ असं वाचलंय. कधी आवाज हलला का माझा? खिडकीबाहेर दगडफेक चालू असायची आणि मी वाचायचे, शहरात शांतता आहे.” ती खुशीत आली होती. “नाव येणार ना माझं?”

“येणार की.”

“कुठे? त्या वायरमन आणि चहावाल्यांच्यात?”

“नाही गं आत्या. वर. मोठ्या अक्षरात.”

“तुझ्या आधी की नंतर?”

“आत्या, आतोबांना आधी सांगून ठेवशील ना, की बदललंय म्हणून?”

“कशाला? गंमत जाईल सगळी. भुताचा सिनेमा आहे, आधीच फोडून सांगितल्यावर काय राहिलं? त्यांना आवडेल बघ. हसतील.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि सांगितलं तर म्हणतील, असलं वाचू नकोस. तुला माहितीये ना त्यांचं.”

म्हणजे तिलाही माहीत होतं. आत्याने एकाच दमात सगळं वाचून दिलं. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.

*

पहिला खेळ दुपारचा होता. निमंत्रितच सगळे. सासरची मंडळी ओळीने आली होती, मेव्हणा नव्या शर्टात. साबणवाला मित्र. डॉक्टरीणबाई दोन शिकाऊ डॉक्टर घेऊन आल्या होत्या. नायिकाबाई हसतमुखाने एका खांबाला नमस्कार करून पुढे गेल्या. फुलीमास्तर मागच्या रांगेत बसले, तिथून प्रेक्षकांची डोकी दिसतात म्हणून. आणि सगळ्यात पुढे, आत्याच्या हाताला धरून, इस्त्रीचा झब्बा घातलेले आतोबा.

“नाव आलं का तुझं?”

“आलं, आलं. मोठं आलंय.”

“वाचून दाखव की. तुझ्याच आवाजात.”

ती हसली आणि तिने आपलं नाव त्यांच्या कानात बातमीसारखं वाचलं. आतोबांनी मान डोलावली. एवढ्या आनंदात त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं.

अर्धा चित्रपट नीट गेला. आतोबा ओठांतल्या ओठांत पुढचं वाक्य आधी म्हणत होते. त्यांना सगळं पाठ होतं. मग बाई आरशासमोर आली, आणि आवाज म्हणाला, “आरशात कोणी नाही.”

सगळं थिएटर एकदम आत श्वास घेऊन थांबलं. आतोबांनी मान वळवली.

“काय झालं?”

“शू.”

“कोणी नाही म्हणालीस. मग लोक का दचकले?”

“अहो, बघा ना पुढे.”

हे ‘बघा ना’ तिच्या तोंडून सवयीने गेलं. त्यानंतर आतोबा ओठ हलवत नव्हते. नुसते ऐकत होते, आणि आता आवाजाकडे कमी आणि लोकांकडे जास्त.

शेवटचा प्रसंग आला. बाई खुर्ची टाकून दारासमोर बसली. “दार बंद आहे,” आवाज म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, “दार अजून बंद आहे.” आतोबांनी आत्याचा दंड धरला. पुढचं वाक्य त्यांना ठाऊक होतं आणि तरी ते घाबरायला तयार होऊन बसले होते; असला प्रेक्षक दिग्दर्शकाला पुन्हा जन्मात मिळणार नव्हता. पडद्यावर कडी सरकली. दार बोटभर उघडलं.

“दार उघडत नाही,” आत्याचा आवाज म्हणाला.

लोक ओरडले. कोणाच्या तरी हातातला मक्याच्या लाह्यांचा डबा उडाला. आणि पडदा काळा होऊन सगळं शांत झालं तेव्हा पहिल्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, थिएटरभर ऐकू गेला.

“उघडलं ना?”

आतोबांनी आत्याचा दंड हलवला.

“अगं, उघडलं ना दार? सगळे ओरडले. तू का म्हणालीस, उघडत नाही म्हणून?”

“अहो, सिनेमात आहे ते.”

“तू म्हणालीस ना पण. तुझाच आवाज होता.”

मागच्या कोणाला वाटलं, हाही चित्रपटाचाच भाग. त्याने टाळी वाजवली. मग दुसऱ्याने वाजवली, आणि मग सगळ्या थिएटरने उभं राहून वाजवली. मेव्हणा सगळ्यांत जोरात. आतोबा टाळ्यांच्या दिशेने चेहरा फिरवत उभे होते, आणि मागच्या रांगेत फुलीमास्तर गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होते. ते वाक्य पुढे पुस्तकात जसंच्या तसं आलं: ‘प्रेक्षकांत एका अंध वृद्धाची केलेली योजना हा दिग्दर्शकाच्या प्रतिभेचा कळस होय.’

*

चित्रपट चालला. चांगला चालला. पोरं लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघून बातम्यांच्या आवाजात ‘लिफ्टमध्ये कोणी नाही’ म्हणायला लागली. मेव्हणा आता ‘आमचे दाजी’ म्हणून दिग्दर्शकाला लोकांपुढे उभा करतो. वितरकाला पुढचा चित्रपट हवाय, फक्त आवाज तोच पाहिजे. फुलीमास्तरांचा सिद्धांत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. निदान ते स्वतः तो तसा ओळखतात. डॉक्टरीणबाई व्याख्यानांत चित्रपटाचा तुकडा दाखवतात आणि लक्षण समजावून सांगतात. नायिकाबाईंना बाकीचे चित्रपट पुन्हा अंधुक दिसू लागलेत. आत्याला औषधांच्या दुकानात तिच्या आवाजावरून ओळखतात, आणि तीन चित्रपटांत खोटं बोलायचं काम मिळालंय. बायकोकडे तिचा तो शांत शेवट आहे, एका कपाटात. ती आता दुसऱ्यांचे चित्रपट कापते आणि नवऱ्याशी नीट बोलते, फार नीट.

परवा आत्या आतोबांना घेऊन दवाखान्यात निघाली होती. पाऊस पडून गेला होता. इमारतीच्या दाराशी ती म्हणाली, “चला, थांबलाय पाऊस.”

आतोबांनी आधी हात बाहेर काढला. तळवा उताणा धरून बराच वेळ उभे राहिले. मग निघाले.

“पायरी आहे,” ती म्हणाली. त्यांनी काठीने चाचपून पाहिली.

“अहो, आता पायरीचंसुद्धा खोटं सांगेन का मी?” तिचा आवाज चिडका झाला, आणि त्यात बातम्यांचं काही उरलं नाही.

“मला काय ठाऊक?” आतोबा शांतपणे म्हणाले. “लोक ओरडले की कळेल.”

पहिल्या खेळाला सगळेच पासावर आत गेले होते, आतोबासुद्धा. त्या चित्रपटाची किंमत मात्र त्यांनी एकट्यांनी भरली, आणि अजून भरताहेत, पायरीपायरीला.